विश्लेषण : वसंतातली सहल अंगावर का येते? गंगापूर रोडवरून निघण्याआधी एवढे वाचा

दहावी-बारावीचे पेपर संपले, द्राक्षांची काढणी जोरात आली, पळस-पांगारा फुलला, की नाशिककरांच्या गाड्या गंगापूर रोडने पश्चिमेला वळतात. अशोकस्तंभावरून निघायचे, आनंदवल्लीत नवश्या गणपतीला हात जोडायचे, सोमेश्वरला थांबायचे आणि पुढे गंगापूर धरण, गिरणारे. कुणी काश्यपी धरणाच्या काठावर जाते, कुणी वाघेऱ्याच्या किल्ल्यावर, तर कुणी त्र्यंबकच्या अंगाने अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर गाठते. पावसाळ्यात यातल्या अनेक ठिकाणी पोलिस आणि वन विभागाचे लक्ष असते, प्रसंगी बंदीही येते. फाल्गुन-चैत्रात यातले फारसे काही नसते. रस्ता कोरडा, आभाळ निरभ्र, सकाळी छान गारवा. त्यामुळेच या दिवसांत माणूस गाफील राहतो. ऊन, पाणी, मधमाश्या आणि वणवा हे वसंतातले चार मुख्य धोके. ते कसे ओळखायचे आणि वेळ आलीच तर काय करायचे, ते पाहू.

पावसाळ्यातल्या सहलीपेक्षा वसंत वेगळा कसा?

पावसाळ्यातला धोका डोळ्यांना दिसतो, कानांना ऐकू येतो. धबधबा गर्जत असतो, दरड कोसळल्याची बातमी मोबाइलवर येते, पायाखालचे शेवाळ पहिल्याच पावलाला सावध करते. वसंतातला धोका मात्र तास-दोन तास अंगात साठत जातो आणि लक्षात येईपर्यंत गडाचा माथा आलेला असतो.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. मार्चमध्ये पहाटे अंगावर स्वेटर लागतो आणि दुपारी पारा ३५ अंशांच्या पुढे जातो. सकाळच्या गारव्यावर विसंबून पाण्याची एकच बाटली घेतलेला गट अकरा वाजता उघड्या कातळावर असतो. आपल्या डोंगरांचा काळा बेसाल्ट खडक सकाळपासून तापतो आणि ती धग परत फेकतो. म्हणजे वरून ऊन आणि खालून तवा, अशी स्थिती होते.

दुसरी गोष्ट हवेची. कोकणात घाम अंगावर चिकटतो, म्हणून तो जाणवतो. नाशिकच्या कोरड्या हवेत घाम येतो तसा उडून जातो. अंग कोरडे वाटते, त्यामुळे ‘फारसा घाम आला नाही’ असा समज होतो. प्रत्यक्षात शरीरातले पाणी जातच असते.

तापमान ४० अंश नसेल तर काळजी कशाला?

हा सर्वांत मोठा गैरसमज. मैदानी भागासाठी हवामान विभागाच्या निकषानुसार साधारणपणे कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त असेल तेव्हा उष्णतेची लाट मानली जाते. म्हणजे ३७ अंशांच्या दिवशी मोबाइलवर कुठलाही इशारा येणार नाही. पण तो आकडा सावलीतल्या तापमापकाचा असतो. उन्हात, चढावर, पाठीवर सॅक घेऊन चालणाऱ्याच्या शरीराला सोसावी लागणारी उष्णता त्याहून बरीच जास्त असते.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्काराच्या सोहळ्यात हेच दिसले. त्या परिसरात पारा ३८ अंशांच्या आसपास होता. लोक डोंगर चढत नव्हते, नुसते बसलेले होते. तरीही भर उन्हात काही तास काढल्यानंतर उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. कोकणपट्टीतल्या दमट हवेने तिथे भर घातली होती हे खरे, पण आकडा चाळिशीखाली असला म्हणजे धोका नाही, हे गृहीत त्या दिवशी खोटे ठरले.

मार्चचे ऊन आणखी एका कारणाने बाधते. शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. मे महिन्यात तोच माणूस तेवढेच ऊन बऱ्यापैकी सोसतो, कारण तोवर शरीर सरावलेले असते. हिवाळाभर वातानुकूलित कार्यालयात बसून मार्चच्या पहिल्या रविवारी थेट हरिहर चढायला जाणाऱ्याला ही सवलत मिळत नाही.

उष्माघात कसा ओळखायचा?

सुरुवात साध्या लक्षणांनी होते. डोके दुखणे, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, चक्कर, चिडचिड. या टप्प्यावर सावलीत बसवून, कपडे सैल करून, मीठ-साखरेचे पाणी घोट-घोट दिले तर माणूस सावरतो. मात्र त्याने त्या दिवशी पुढे चढायचे नाही. ‘आता बरे वाटतेय’ म्हणून पुन्हा निघणे महागात पडते.

गटातला कुणी असंबद्ध बोलू लागला, चालताना झोकांड्या खाऊ लागला, त्याला झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. शरीराचे तापमान तेव्हा ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेले असू शकते. उष्माघातात घाम थांबतोच, असे मात्र नाही. चढताना उष्माघात झालेल्या तरुणाचे अंग घामाने भिजलेलेही असू शकते. त्यामुळे घामापेक्षा बोलण्याकडे लक्ष द्या. नाव, वार, गाव विचारा. उत्तर चुकले तर वाट पाहू नका.

१०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिकेची वाट पाहत असतानाच अंग थंड करायला लागा. सावलीत न्या, जादा कपडे काढा, अंगावर मिळेल ते पाणी ओता, जोराने वारा घाला. मान, काखा आणि जांघांत ओले फडके किंवा बर्फ ठेवा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. तापावरची गोळीही देऊ नका. हा ताप संसर्गाचा नसल्याने तिचा उपयोग होत नाही.

पाणी किती आणि कसले?

अर्ध्या दिवसाच्या चढाईला माणशी किमान तीन लिटर पाणी धरा. तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट घ्या. मात्र घामावाटे मीठही जाते, त्यामुळे तासन् तास नुसते पाणी पीत राहणेही बरे नाही. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण मिसळायची असते. अर्धी पुडी पेल्यात टाकून पिऊ नका. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा.

घरचे ताक, कैरीचे पन्हे, लिंबू सरबत उत्तम. ऊर्जापेयांवर आणि कोल्ड्रिंकवर भिस्त ठेवू नका. गंगापूर रोडच्या पट्ट्यात वायनरी आहेत, तिकडची सहल हा आता नाशिकच्या पर्यटनाचा भाग झाला आहे. तिथे जाणार असाल तर तो त्या दिवसाचा शेवटचा टप्पा ठेवा आणि गाडी चालवणारा वेगळा असू द्या. मद्याने लघवीवाटे पाणी जाते आणि अंदाजही चुकतो. मद्य घेऊन धरणावर जाणे तर कुणीच करू नये.

धरणाचे पाणी शांत असते, मग माणसे बुडतात का?

गंगापूर धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले. गोदावरीवरचे हे मातीचे धरण आजही नाशिकची तहान भागवते. वसंतात त्याचे पाणी मागे सरकते आणि काठावर गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून तो वाळलेला, भेगाळलेला दिसतो, पण पाण्याजवळ पाऊल टाकले की गुडघ्यापर्यंत रुततो. पुढे तळ सारखा उतरत जात नाही. जुने ओढे, खड्डे पाण्याखाली तसेच असतात, त्यामुळे कमरेएवढ्या पाण्यातून पुढचे पाऊल एकदम खोलात पडते. वरचे पाणी कोमट असले तरी खालचे गार असते. तापलेल्या अंगाने उडी मारली की दम लागतो आणि पहिला श्वास पाण्यात घेतला जातो.

सोमेश्वरजवळच्या धबधब्याचेही तसेच. धार बारीक झाली म्हणून मुले कातळावर उतरतात, पण खडकातले डोह खोलच राहतात आणि कडेचे शेवाळ वाळत नाही. वरून पाणी सोडले तर पात्रातली पातळी वाढते, हेही लक्षात असू द्यावे.

धुळवड-रंगपंचमीनंतर रंग धुवायला नदी-धरणावर गेलेली मुले बुडाल्याच्या बातम्या राज्यातून जवळपास दरवर्षी येतात. त्यातल्या अनेक बातम्यांत एकामागोमाग एक असे दोन-तीन जण गेलेले असतात. पहिल्याला वाचवायला दुसरा उडी मारतो, बुडणारा त्याला मिठी मारतो आणि दोघेही खाली जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख लोक बुडून मरण पावले.

बुडणारा माणूस सिनेमात दाखवतात तसा ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या वर-खाली होत असते, ओरडायला श्वासच नसतो. त्यामुळे लहान मूल पाण्याजवळ असेल तर एका मोठ्या माणसाने मोबाइल खिशात ठेवून फक्त त्याच्याकडे पाहायचे, हे काम नावानिशी वाटून द्या. ‘सगळेच होते ना तिथे’ म्हणजे कुणीच पाहत नव्हते.

कुणी बुडत असेल तर?

आत उतरू नका. दोर, ओढणी, साडी, लांब काठी, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, जे मिळेल ते फेका. काठावर आडवे पडून ओढा, उभे राहून नाही. ११२ ला फोन करा, जवळच्या मासेमाऱ्यांना हाक मारा.

बाहेर काढलेल्याला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे सगळे बंद करा. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि उलटी होऊन श्वास अडकतो. श्वास चालू नसेल तर उताणे झोपवून आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मध्यभागी ३० वेळा जोराने दाबा आणि दोन श्वास द्या. मदत येईपर्यंत हे चक्र चालू ठेवा. श्वास परत आला तरी रुग्णालयात न्याच, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनीही उद्भवू शकतो.

आग्या मोहोळ उठते कशामुळे?

पांगारा, पळस, काटेसावर फुलली की आग्या मधमाश्यांचा हंगाम असतो. त्यांची पोळी उघड्यावर, कड्याच्या कपारीत किंवा वड-पिंपळाच्या उंच फांदीवर लोंबतात. अजिंठा लेणी, शिवनेरी अशा ठिकाणी मोहोळ उठून पर्यटक जखमी झाल्याच्या घटना घडल्या आहेत. माश्या आपणहून पाठीस लागत नाहीत. चुलीचा धूर, फटाके, दगड, जोराचा आवाज, पोळ्याजवळून उडणारा ड्रोन किंवा उग्र अत्तर त्यांना चेतवते.

एक माशी चावली की तिथे एक गंध सुटतो, तो इतर माश्यांना हल्ल्याची खूण देतो. म्हणून जागेवर उभे राहून हात झाडणे हा सर्वांत वाईट उपाय. तोंड-डोके कपड्याने झाका आणि सरळ धावत गाडीत किंवा बंद खोलीत शिरा. कड्यावर असाल तर मात्र धावू नका, अंग झाकून सावकाश मागे सरा. पाण्यात उडी मारू नका. माश्या वर घिरट्या घालत राहतात आणि बुडण्याची भीती वेगळीच.

काटा शक्य तितक्या लवकर काढा. नखाने खरवडला की चिमटीने, यापेक्षा वेळ महत्त्वाची. ओठ, डोळे, जीभ सुजणे, अंगभर गांधी उठणे, धाप लागणे ही ॲलर्जीची लक्षणे आहेत, त्यात मिनिटे मोजली जातात. खूप माश्या चावल्या असतील तर त्रास वाटत नसला तरी रुग्णालयात जा, कारण विषाचा परिणाम मूत्रपिंडांवर नंतर होऊ शकतो.

डोंगरावर वणवा दिसला तर?

फेब्रुवारीपासून आपल्या डोंगरांवरचे गवत वाळून कोळ होते. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात ट्रेकर्सचे गट सापडले आणि २० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. तो दिवसही असाच वसंतातला रविवार होता.

आग चढावर वेगाने धावते, कारण ज्वाळा वरचे गवत आधीच तापवून वाळवतात. म्हणून आगीपुढे वर पळू नका. वाऱ्याची दिशा पाहून बाजूला आणि खाली सरका. उघडा कातळ, नांगरलेले शेत, आधीच जळून गेलेली जागा सुरक्षित. नायलॉनचे कपडे अंगाला चिकटतात, डोंगरावर सुती घालणे बरे. धूर दिसताच वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा. आणि मुळात गडावर चूल पेटवू नका, विडी-सिगारेट नकोच. वनात आग लावणे किंवा आग पेटती सोडून देणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे.

साप, विंचू आणि बिबट्या

उन्हाळा लागला की साप दिवसा सावलीला आणि दिवस मावळल्यावर बाहेर असतात. दगड उचलू नका, कपारीत न पाहता हात घालू नका, अंधारात बॅटरीशिवाय चालू नका. दंश झालाच तर चिरणे, चोखणे, करकचून बांधणे टाळा. तो अवयव न हलवता रुग्णालय गाठा. लाल विंचू चावल्यावर खूप घाम, उलट्या, हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसली तर वेळ घालवू नका. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते हे दाखवून दिले, तेव्हापासून अनेकांचे प्राण वाचले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

उसाच्या आणि मळ्यांच्या या पट्ट्यात बिबट्याचा वावर नवा नाही. जानेवारी २०१९ मध्ये तो गंगापूर रोडलगतच्या सावरकरनगरात शिरला होता आणि त्याच्या हल्ल्यात काही जण जखमी झाले होते. सायंकाळनंतर मुलांना शेताच्या कडेला एकटे सोडू नका. बिबट्या दिसला तर पळू नका, वाकू नका, गट करून मोठ्याने बोलत मागे सरा. मोबाइलवर चित्रण करायला पुढे जाणाऱ्यांमुळेच त्याची कोंडी होते.

डब्यात काय न्यावे, बागेत काय खाऊ नये?

३२ अंशांच्या वर शिजवलेले अन्न तासाभराहून जास्त उघड्यावर ठेवू नये, असा अन्नसुरक्षेचा ठोकताळा आहे. पनीर, क्रीम, मलईची मिठाई, उकडलेल्या बटाट्याची ओलसर भाजी घरीच ठेवा. दशम्या, धपाटे, कोरडी शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, चिक्की, काकडी आणि सालीसकट फळे टिकतात. चढण्याआधी झणझणीत मिसळ नको, ती उतरल्यावर खा. हात धुवायला साबण आणि वेगळे पाणी न्या.

द्राक्षाच्या बागेत शिरून घड तोडून तोंडात टाकू नका. परक्याचे पीक तोडणे हा भाग वेगळाच, पण फवारणी कधी झाली हे शेतकऱ्यालाच माहीत असते. औषध फवारल्यावर काढणीपर्यंत ठरावीक दिवस जाऊ द्यावे लागतात. विकत घेतलेली द्राक्षेही वाहत्या पाण्यात नीट धुऊनच खा.

घरातल्या कुणी जास्त जपायचे?

लहान मुले, साठीच्या पुढचे आजी-आजोबा, गर्भवती, मधुमेह, हृदयविकार, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेले. रक्तदाबासाठी लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी सहलीआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, गोळी स्वतःहून बंद करू नये. दम्याचा पंप गाडीत नव्हे, खिशात हवा. या सगळ्यांसाठी हरिहरचा खडा जिना नको. पांडवलेणी किंवा रामशेज सकाळी लवकर गाठून दहाच्या आत उतरावे.

उन्हात उभ्या बंद गाडीचे तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी वाढू शकते. ‘झोपलाय, झोपू दे’ म्हणून मुलाला गाडीत ठेवून जाऊ नका, काच थोडी उघडी असली तरीही.

निघण्याआधी पाच कामे

१. उतरण्याची वेळ घरीच ठरवा. सकाळी सहाला चढाई सुरू, दहाला परत खाली. माथा राहिला तरी वेळ झाली की मागे फिरायचे.

२. कुठे जाताय, कोणत्या वाटेने आणि किती वाजता परतणार, हे घरी एकाला लिहून पाठवा. त्र्यंबकच्या डोंगरांत नेटवर्क जाते.

३. पायथ्याच्या गावाचे नाव पाठ करा. रुग्णवाहिकेला ‘हरिहरवर आहोत’ यापेक्षा ‘हर्षेवाडी’ किंवा ‘निरगुडपाडा’ सांगितले तर ती लवकर पोहोचते.

४. मोबाइलमध्ये ११२, १०८ आणि १९२६ हे क्रमांक साठवा, बॅटरी भरून घ्या.

५. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. त्याच्या चालीने गट चालला तर कुणी मागे एकटा पडत नाही.

यातल्या कशालाच मोठा खर्च नाही. लागतो तो तासभर आधी उठण्याचा आळस सोडणे आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरण्यात कमीपणा न मानणे. गड पुढच्या रविवारीही तिथेच असणार आहे. आपल्याबरोबर आलेल्या प्रत्येकाला घरी पोहोचवणे, हे त्या दिवशी सहल काढणाऱ्याचे पहिले काम.